जुन्या बेस गिटारचा नवा रंग पुन्हा पुन्हा बिघडतोय? आणखी एक हात मारण्याआधी हे तपासा

रंग दिला, ओला होता तोवर झकास दिसला, सुकता सुकता वर पांढरट धुकं आलं. घासून पुन्हा मारला तर जागोजागी खळगे पडले. तेही घासले, परत मारला, तर सुरकुत्या. इथवर आलेला माणूस एक तर रंगाच्या कंपनीला शिव्या घालतो, नाही तर दुप्पट जाड हात मारून सगळं झाकायला बघतो. हे तीन वेगळे बिघाड आहेत आणि तिन्हींची मुळं वेगळी आहेत. वरून आणखी रंग चढवून यातला एकही जात नाही. उलट प्रत्येक नव्या हाताबरोबर मूळ कारण आणखी एक थर खाली गाडलं जातं.

इथे सॉलिड बॉडीचा, चार तारांचा, फेंडर कंपनीच्या प्रिसिजन किंवा जॅझ मॉडेलच्या धर्तीचा बेस धरला आहे. पोकळ बॉडीच्या बेसचं लाकूड पातळ असतं, त्याला पाणी आणि हीट गन दोन्ही बाधतात. त्याच्यावर यातलं काही जसंच्या तसं करू नका.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. बेस खरोखरच १९५०-६० च्या दशकातला अस्सल फेंडर निघाला (प्रिसिजन १९५१ साली आला, जॅझ १९६० साली), तर पॉलिशपेपर खाली ठेवा. मूळ रंग कितीही उडालेला असला तरी किंमत त्याच रंगाला असते. जपानी, कोरियन किंवा देशी कॉपी असेल तर बिनधास्त पुढे जा.

आधी जुना रंग कोणता ते ओळखा

अर्धे बिघाड इथेच टळतात. पिकगार्डखाली (तारांखालच्या प्लास्टिकच्या तक्त्याखाली) किंवा कंट्रोल कॅव्हिटीच्या (वायरिंगच्या खाचेच्या) काठावर, न दिसणाऱ्या जागी कापसाचा बोळा फिरवायचा. पहिला बोळा स्पिरिटचा. रंग चिकट झाला तर ती लाख आहे. स्पिरिटने काही झालं नाही तर दुसरा बोळा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचा, अर्धा मिनिट दाबून धरायचा. रंग विरघळून कापसावर आला तर नायट्रो किंवा अॅक्रिलिक लॅकर. रंग फुगून सुरकुतला तर ऑइल पेंट, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातला सिंथेटिक इनॅमल. आधीच्या कुणी मालकाने ब्रशने फासलेला. आणि ढिम्म काही झालं नाही तर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन. १९७० नंतरच्या बहुतेक कारखानी बेसवर हाच जाड, काचेसारखा थर असतो.

आता निर्णय. पॉलिएस्टर घट्ट बसलेलं असेल आणि फक्त कोपरे उडाले असतील, तर ते काढू नका. लोक उगाच तीन-तीन दिवस हीट गन घेऊन बसतात. त्या थराइतकं पक्कं अस्तर घरी कुणाला देता येत नाही. ३२० नंबरच्या पेपरने सगळीकडची चमक मारायची, उडालेल्या जागांचे काठ उताराने घासायचे, खड्डे भरायचे आणि त्यावरच रंग द्यायचा. लाकडाचे रेषे दाखवायचे असतील तेव्हाच पूर्ण काढा. तेव्हासुद्धा आधी पिकअपच्या (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकाच्या) खाचेत डोकावा. तिथे आडवे थर दिसले तर बॉडी प्लायवूडची आहे. वरचा पापुद्रा एखादा मिलिमीटर असतो आणि घासता घासता कधी पार होतो कळत नाही. अशा बॉडीला गडद, अपारदर्शक रंगच द्यावा.

काढायचंच ठरलं तर पॉलिएस्टरला पेंट रिमूव्हर दाद देत नाही. हीट गन आणि बोथट पत्रा लागतो. एका जागी गन धरून ठेवली की लाकूड करपतं आणि बॉडीच्या तुकड्यांचे सांधे सुटतात, म्हणून हात हलता ठेवायचा. रंगाला फुगवटा आला की लगेच पत्रा सरकवायचा. उघड्यावर करा, आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून तो भाग कोरडा घासताना धुळीचा चांगला मास्क लावा, साधा कापडी नको. इनॅमल मात्र संपूर्ण काढायलाच हवा, एक ठिपकासुद्धा ठेवायचा नाही. का, ते सुरकुत्यांच्या भागात येईल.

पांढरं पडणं

कोकणपट्टीत, मुंबईत आणि गोव्यात हा पहिल्या नंबरचा आजार. लॅकरमधला थिनर भरभर उडतो आणि उडताना पृष्ठभाग गार करतो. पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूच्या खाली गेलं की हवेतलं पाणी त्या ओल्या थरात उतरतं आणि धुकं बनून अडकतं. हवा ३० अंशांवर आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू जवळपास २६ अंश येतो. म्हणजे चार अंश गारवा पुरतो. त्याच तापमानाला आर्द्रता ५० टक्के असेल तर दवबिंदू १८ च्या आसपास, आणि तेवढं गार होणं पातळ हाताला सहसा जमत नाही. जुलैमध्ये मुंबईत मारलेला लॅकर पांढरा पडतो आणि तोच कॅन जानेवारीत नीट चालतो, त्याचं कारण हे आकडे.

काही शे रुपयांचा आर्द्रतामापक घ्या. ६५ च्या वर आकडा असेल तर लॅकर मारू नका. पावसाळ्यात उघडीप मिळाली तर दुपारी १२ ते ३ ही वेळ. संध्याकाळी तापमान उतरतं आणि आर्द्रता चढते.

एसीवाल्यांची एक खास चूक असते. बॉडी एसीच्या खोलीत सुकवायची आणि पुढचा हात मारायला बाल्कनीत आणायची. खोलीत २४ अंशांवर बसलेलं लाकूड २६ दवबिंदूच्या हवेत आलं की त्यावर डोळ्यांना न दिसणारं दव बसतं, आणि रंग त्या दवावर. बाहेर आणल्यावर तास-दीड तास थांबायचं, मग हाताच्या उलट्या बाजूने बॉडी गार लागत नाही याची खात्री करायची. कॅनही मारता मारता गार होतो. दोन कॅन आलटून पालटून वापरा, किंवा कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा. कोमट म्हणजे आंघोळीच्या पाण्याइतकं. गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात कॅन ठेवला तर फुटतो.

पांढरं पडलंच तर लगेच घासायला घेऊ नका. कोरड्या दुपारची वाट बघा. हलकं धुकं कधी कधी आपोआप निघून जातं. नाही गेलं तर रिटार्डर, म्हणजे हळू उडणारा थिनर, नुसता धुरळा उडवल्यासारखा मारायचा. वरचा थर पुन्हा मऊ होतो, अडकलेलं पाणी बाहेर पडतं, आणि दहा-पंधरा मिनिटांत धुकं विरताना समोर दिसतं. स्प्रे गन वापरणाऱ्यांनी थिनरमध्येच ५ ते १० टक्के रिटार्डर घालावा. त्याहून जास्त घातला तर थर आठवडे मऊ राहतो.

रिटार्डरने फरक पडला नाही तर धुकं वरच्या थरात नाही, खालच्या कुठल्या तरी हातात आहे. मग पांढरं संपेपर्यंत खाली घासण्याशिवाय इलाज नाही. आणि पांढरेपणा फक्त स्क्रूच्या भोकांभोवती किंवा खाचांच्या काठाला असेल तर दोष हवेचा नाही. तिथे ओल्या घासणीचं पाणी लाकडात मुरलं आहे. बॉडी आठवडाभर हवेशीर टांगून ठेवा, मगच पुढचा विचार.

विदर्भातल्या उन्हाळ्यात बरोबर उलटं दुखणं. नागपुरात मे महिन्यात ४२-४५ अंशांना थेंब बॉडीवर पोचायच्या आत अर्धा सुकतो, आणि हाताला खरखरीत, वाळूसारखा थर लागतो. तिथे सकाळी सहा-सातला मारावं, कॅन आणि बॉडीतलं अंतर २५ सेंमीवरून १८-२० वर आणावं, आणि इथेही रिटार्डरच कामाला येतो.

खळगे पडणं, म्हणजे डोळे

ओला रंग एखाद्या ठिकाणाहून गोल मागे सरतो आणि मध्ये खालचा थर उघडा पडतो. मोटारींचे पेंटर याला फिश आय म्हणतात. कारण जवळजवळ नेहमी सिलिकॉन किंवा तेल. जुन्या बेसवर वर्षानुवर्षं काय काय चोळलेलं असतं: गाडीच्या डॅशबोर्डचं पॉलिश, फर्निचरचा चमक आणणारा स्प्रे, गंजलेल्या स्क्रूवर मारलेलं तेल. शिवाय उजव्या कोपराच्या जागी, जिथे मूळ रंग झिजून लाकूड उघडं पडलेलं असतं, तिथे घाम आणि अंगाचं तेल लाकडात आत मुरलेलं असतं. डोळे नेमके त्या पट्ट्यात पडले तर समजून जा.

इथे क्रम महत्त्वाचा आहे आणि बहुतेक जण तो उलटा करतात. आधी पुसायचं, मग घासायचं. आधी घासलं तर पेपर सिलिकॉन उचलून सगळ्या बॉडीभर आणि रेषांच्या आत पसरवतो. पुसण्यासाठी एमटीओ, म्हणजे मिनरल टर्पेंटाइन, नाही तर पांढरं पेट्रोल. हातात दोन सुती फडकी हवीत. एकाने ओलं करायचं, आणि ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्याने उचलून घ्यायचं. एकच फडकं फिरवत राहिलात तर तेल नुसतं इकडचं तिकडे होतं. फडक्याची बाजू दर वेळी बदला आणि कोपराच्या जागी हे तीन-चारदा करा. त्यानंतर ३२० चा पेपर, पुन्हा एकदा पुसणं, आणि मग लाखेचं अस्तर.

लाख सिलिकॉनला जुमानत नाही. लाकडावरही चिकटते आणि जवळपास कुठल्याही जुन्या रंगावरही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना लाखेचं पॉलिश पिढ्यानपिढ्या होत आलंय, तेव्हा ती मिळवायला लांब जावं लागत नाही. लाकूडकामाच्या दुकानात चपडा मागा. शक्यतो मेण काढलेला घ्या. १२ ग्रॅम चपडा १०० मिली स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून ठेवायचा, मध्ये दोन-तीनदा हलवायचा, मग जुन्या सुती कापडातून गाळायचा. साधा चपडा असेल तर बाटली दोन दिवस न हलवता ठेवा. मेण तळाशी बसतं. वरचं नितळ तेवढं ओतून घ्या, कारण मेणावर पॉलियुरेथेन धरत नाही. भांडं काचेचं किंवा प्लास्टिकचं. लोखंडी डब्यात लाख काळवंडते. जुनी, सहा महिन्यांपूर्वी भिजवलेली लाख वापरू नका. काचेवर एक थेंब टाकून बघा. तासाभराने नख उमटत असेल तर ती फेकून द्यायची.

या पातळ लाखेचे दोन हात, मध्ये अर्धा तास. दोन तासांनी रंगाचा पहिला हात, आणि तोही नुसता धुरळा. सिलिकॉनच्या जागेवर ओला, जाड हात आला की डोळे परत पडतात. सुका धुरळा तिथे जागच्या जागी बसतो. असे दोन धुरळे झाले की मग नेहमीसारखं मारा.

बाजारात रंगात घालायचं फिश आय थांबवणारं द्रव्य मिळतं. ते द्रव्यच सिलिकॉन असतं. एकदा घातलं की पुढच्या प्रत्येक हातात घालावं लागतं आणि तुमची गन, फडकी, टेबल सगळं बाधित होतं. घरच्या कामात त्याच्या नादी लागू नका.

सुरकुत्या आणि उकलणं

जोरकस थिनर कच्च्या किंवा नाजूक थरावर पडला की खालचा थर फुगतो आणि चुरगळतो. इनॅमलवर लॅकर मारल्यावर हमखास. इनॅमल हवेतल्या ऑक्सिजनने कडक होतो, आणि त्याला आतपर्यंत कडक व्हायला आठवडे लागतात. वरून वाळला असं वाटलं तरी आत तो रबरासारखा असतो. नियम साधा आहे: लॅकरवर इनॅमल चालतो, इनॅमलवर लॅकर चालत नाही. म्हणून जुना इनॅमल पूर्ण काढायला सांगितलं.

एकाच जातीच्या स्प्रे कॅनमध्येही हे होतं, आणि तिथे कारण वेळेचं असतं. बऱ्याच कॅनच्या मागे लिहिलेलं असतं की पुढचा हात तासाभरात द्या, नाही तर २४ किंवा ४८ तासांनी. मधल्या काळात वरची साय धरलेली असते आणि आत ओलं असतं. त्या वेळी मारलेला हात सुरकुततो. प्रत्येक कॅनचे आकडे वेगळे, वाचून घ्या. अस्तर, रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) तिन्ही एकाच कंपनीचे, एकाच मालिकेतले घेतले तर निम्मी डोकेदुखी कमी होते.

सुरकुती पडली की तिच्यावर काहीही भरू नका. पूर्ण कडक होऊ द्या, दोन आठवडे तरी, मग खालच्या पक्क्या थरापर्यंत घासा आणि लाखेचं अस्तर देऊन नव्याने सुरुवात करा.

वाळतच नाही, नख उमटतं

नायट्रो आणि अॅक्रिलिक लॅकर फक्त थिनर उडून सुकतात. जाड थरात तो आत अडकतो. एका दिवसात तीन पातळ हात, प्रत्येकामध्ये एक ते दोन तास, इतकंच. शेवटच्या हातानंतर तीन ते चार आठवडे बॉडी टांगून ठेवायची, हवेशीर सावलीत. उन्हात ठेवली तर वरची साय आणखी घट्ट होते आणि खालचा थिनर फोडांवाटे बाहेर येतो. हेअर ड्रायरचंही तेच.

सुकलं की नाही हे कळायला नाकासारखं यंत्र नाही. क्लिअरला नाक लावून थिनरचा वास येत असेल तर आत थिनर आहे. घासायला आणि पॉलिशला घेऊ नका, तारीख काहीही असो. बोटाने बॉडीवर चाचपू नये. त्यासाठी बॉडीसोबत एक फळीचा तुकडा तयार करा, शक्यतो त्याच लाकडाचा, आणि अस्तरापासून क्लिअरपर्यंत प्रत्येक हात त्यालाही मारा. नख, पेपर, कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट), सगळे प्रयोग त्या फळीवर. हे एवढं करणारे पुन्हा बॉडी घासत बसत नाहीत.

तेलयुक्त पॉलियुरेथेन शिसम किंवा रोजवूडवर चिकट राहतं, कारण त्या लाकडातलं तेल त्याला कडक होऊ देत नाही. तिथेही लाखेचं अस्तर हाच तोडगा.

दोन भागांच्या पीयूमध्ये, म्हणजे हार्डनरवाल्या पॉलियुरेथेनमध्ये, प्रमाण डब्यावर असेल तेच, मोजपट्टीच्या भांड्यात मोजून. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवला तर वाळण्याऐवजी थर ठिसूळ किंवा कायमचा चिकट होतो. उघडून ठेवलेला हार्डनर हवेतलं पाणी ओढून खराब होतो. गढूळ किंवा दाटसर दिसला तर टाकून द्या. आणि हे घरात फवारू नका. त्यातले आयसोसायनेट फुप्फुसांवर कायमचा परिणाम करतात. साध्या मास्कने ते अडत नाहीत, आणि आपल्याला त्याचा वासही धड येत नाही. पीयूच हवं असेल तर घासलेली, भरलेली बॉडी गाड्यांच्या पेंटरकडे द्यावी. त्यांच्याकडे बूथ असतो आणि एका बॉडीचं काम त्यांना किरकोळ असतं.

बरं सुकलेला नायट्रो पुढे रबरी स्टँडवर ठेवला की पुन्हा चिकटतो. रबरातली आणि फोममधली मऊ करणारी द्रव्यं लॅकरमध्ये शिरतात आणि तिथे कायमचा डाग पडतो. स्टँडला जुनं सुती कापड गुंडाळा. फोमच्या पट्ट्याचंही तेच. चामड्याचा किंवा सुती पट्टा घ्या.

महिन्याभराने रेषा आणि खड्डे वर येतात

सुरुवातीला आरशासारखं सपाट, आणि नंतर जिथे भरलं होतं तिथे खोलगट. पुट्टी आकसली. रंगवाल्यांची एनसी लांबी, म्हणजे पातळ पुट्टी, थिनर उडूनच सुकते, म्हणून ती फक्त ओरखड्यांना, कागदाइतक्या पातळ थरात. दोन मिलिमीटरहून खोल खड्ड्याला गाड्यांची पॉलिएस्टर पुट्टी (हार्डनर वजनाने साधारण २ टक्के) किंवा दोन नळ्यांचं इपॉक्सी. ती आकसत नाहीत.

नुसता दबलेला खड्डा असेल, लाकडाचे तंतू तुटलेले नसतील, तर भरूच नका. उघड्या लाकडावर ओल्या सुती फडक्याची घडी आणि त्यावर गरम इस्त्रीचं टोक, दहा सेकंद. वाफेने तंतू फुगून वर येतात. दोन-तीनदा करा आणि दिवसभर वाळू द्या. रंगाच्या थरावरून हे चालत नाही.

अॅश, महोगनी, सागवान यांना उघडी छिद्रं असतात. ग्रेन फिलर आडवं चोळून, खरवडून, दोन वेळा भरावं लागतं, प्रत्येक वेळी एक-दोन दिवस थांबून. अल्डर, मेपल, बासवूडला गरज नाही. फिलर वाळायच्या आत रंग दिला की तो मागाहून बसतो आणि रेषा उमटतात. मुद्दाम रेषा दिसाव्यात अशी आवड असेल तर फिलर सोडा आणि तेलाचा हात द्या. पण तेलाची फडकी बोळा करून डब्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा.

घासण्याचा क्रम: उघड्या लाकडाला १२०, १८०, २२०, अस्तराला ३२०, रंगाच्या हातांमध्ये ४००, तेही फक्त ओघळ किंवा कचरा दिसला तरच. मेटॅलिक रंग घासूच नका, त्याचे कण पसरून डाग दिसतात. क्लिअर पूर्ण सुकल्यावर ओला ८००, १२००, १५००, २०००, मग कंपाउंड. काठांवर थर नेहमीच पातळ असतो. ८०० ने काठ घासलेच नाहीत तर फार बिघडत नाही, घासून रंग उघडा पडला तर मात्र परत पहिल्यापासून. एका बॉडीला ४०० मिलीच्या कॅनमध्ये अस्तर एक, रंग दोन, क्लिअर दोन ते तीन, एवढं धरून चाला.

स्क्रू पिळला आणि भोवती तडा गेला

रंग कितीही उत्तम असला तरी जोडणीच्या दिवशी हे होतं. भोकाच्या तोंडावर क्लिअर साचलेलं असतं आणि स्क्रूचे आटे त्याला उचकटतात. स्क्रू लावण्याआधी काउंटरसिंक बिट हाताने दोन फेरे फिरवून भोकाच्या तोंडावरचा रंग उताराने काढा. स्क्रूला मेणबत्तीचं मेण लावा. ओली घासणी करण्याआधी प्रत्येक भोकात मेण भरून ठेवलं तर पाणी आत जात नाही आणि भोकाभोवती फुगवटा येत नाही.

नेकची खाच आणि तिच्या भिंती रंगवायच्याच नाहीत. पहिल्या अस्तराआधी मास्किंग टेप लावा आणि शेवटपर्यंत ठेवा. तिथे रंग साचला तर नेक बसत नाही. ठोकून बसवली तर खाचेच्या कोपऱ्यातून तडा पळतो, आणि बसलीच तर नेकचा कोन बदलून तारा वर उचलल्या जातात.

नेकच्या चार स्क्रूंची भोकं बॉडीत सैल हवीत, म्हणजे स्क्रू हाताने आत सरकला पाहिजे. ते फक्त नेकमध्ये पकडायचे असतात. दोन्हीकडे पकडले तर मध्ये केसभर फट राहते आणि सगळी जोडणी ढिली वाटते. नेकमधलं भोक फुटलेलं असेल तर टूथपिक कोंबून दिवस ढकलू नका. ६ मिमीचं भोक पाडा, त्याच मापाची कठीण लाकडाची खुंटी फेव्हिकॉल लावून ठोका, २४ तासांनी ३ मिमीचं नवं भोक पाडा. ड्रिलला टेपची खूण बांधून. फिंगरबोर्डमधून बाहेर आलेलं बिट बघण्यासारखं नसतं.

सगळं जोडलं आणि आता घूं आवाज येतोय

रंगकामानंतर येणारी ही तक्रार वायरिंगची वाटते, पण करामत रंगाचीच. ब्रिजच्या (बॉडीवर तारा धरणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) खाली एक बारीक वायर दाबलेली असते, ती आतून व्हॉल्यूम पॉटच्या (आवाजाच्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीला जोडलेली असते. तारांना अर्थिंग देणारी तीच. ब्रिजखाली नवा क्लिअर आला, वायरच्या टोकावर रंग उडाला, की हा संपर्क तुटतो. बघायची पद्धत: अँप चालू असताना तारांना हात लावा. आवाज बदलत नाही, पण केबलच्या धातूच्या टोकाला हात लावल्यावर कमी होतो? मग ब्रिजची अर्थिंग तुटली आहे. केबल काढून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, एक टोक ब्रिजला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या कडेला. एक-दोन ओहमच्या आत यायला हवं. न आल्यास ब्रिज उचला, वायरचं टोक खरवडून चकचकीत करा, पंख्यासारखं पसरवा, ब्रिजची पाठही त्या जागी घासा.

मीटर बरोबर सांगतो आणि तारांना हात लावल्यावर आवाज कमीही होतो, म्हणजे अर्थिंग ठीक आहे. मग कॅव्हिटीला तांब्याची टेप लावा, प्रत्येक पट्टीच्या जोडावर सोल्डरचा ठिपका द्या आणि ती टेप पॉटच्या पाठीला जोडा. पॉटच्या पाठीवर सोल्डर करायला ४० ते ६० वॉटचा सोल्डरिंग आयर्न लागतो. २५ वॉटने तापत तापत पॉटच आतून जळतो. बदलायचे असतील तर प्रिसिजनला २५० के चे दोन पॉट आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. खरखरणाऱ्या पॉटला कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तीसेक वेळा फिरवा. गंज सोडवणारा तेलाचा स्प्रे तिथे नको, आणि रंगवलेल्या बॉडीच्या आसपास तर अजिबात नको.

स्टील वूलने फ्रेट घासणार असाल तर पिकअप बसवायच्या आधी. लोखंडाची भुकटी चुंबकाला चिकटली की निघत नाही.

तारा शेवटी. ०.०४५ ते ०.१०५ चा संच ३४ इंची नेकवर सुराला लावला की एकूण ताण ७५ किलोच्या आसपास जातो. महिनाभर मोकळी पडलेली नेक हा ताण एकदम घेत नाही, म्हणून सुराला लावून एक रात्र ठेवा, मग ट्रस रॉडला (नेकच्या आतल्या, तिचा बाक बदलणाऱ्या सळईला) हात लावा. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि बॉडीला नेक जिथे मिळते तिथे दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांत ०.३ ते ०.४ मिमी फट हवी. कमी-जास्त असेल तर एका वेळी पाव फेरा, मग पुन्हा सूर लावून मोजणी. रॉडचा नट जड लागतोय आणि फट बदलत नाही असं झालं तर जोर लावू नका, तारा सैल करा आणि नट काढून त्याचे आटे साफ करून थेंबभर तेल द्या. सतराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची २.४ ते २.८ मिमी, बारीक तारेची २ ते २.४. सॅडलचे (ब्रिजवरच्या तारांच्या टेकूंचे) बारीक स्क्रू गंजून बसले असतील तर ब्रिज बॉडीवरून काढून मगच तेलात बुडवा. तसाच जागेवर तेल टाकलात तर ते ब्रिजखालून झिरपून नव्या रंगाखाली जातं, आणि पुढच्या वेळी डोळे बरोबर तिथे पडतात.